सहलीच्या नोंदणीतील दुसरा प्रश्न

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या दरम्यान, पेठ–सांगली मार्गावर वाळवा तालुक्यातील आष्टा हे गाव वसले आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. काळी कसदार जमीन, ऊस, हळद, सोयाबीन आणि भुईमूग यांच्या आधारावर येथील बाजारपेठ उभी आहे. व्यापारी कुटुंबांचे वर्षही पिकांच्या हंगामाबरोबर चालते. हंगामात दुकान सोडता येत नाही आणि चातुर्मासात मन घराकडे व मंदिराकडे असते. सहलीसाठी उरतात ते उन्हाळी सुट्टीतील दोन-चार दिवस आणि दिवाळीनंतरची थोडी उसंत. नेमका त्याच दिवसांत सारा महाराष्ट्र बाहेर पडलेला असतो.

आष्ट्याहून निघणाऱ्या सहलींची ठिकाणे साधारणपणे ठरलेली आहेत. सकाळी जाऊन सूर्यास्तापूर्वी परतायचे असेल तर वारणा ओलांडून कुंभोजजवळचे बाहुबली क्षेत्र गाठले जाते. तेथे डोंगराच्या पायथ्याशी १९६३ मध्ये प्रतिष्ठापना झालेली भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती आहे, आणि डोंगरावरील मंदिरांकडे पायऱ्या चढत जातात. कोल्हापूरपलीकडे कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बलुतेदारांच्या कामापासून घरातील जात्यापर्यंतचे जुने खेडे तेथे शिल्परूपाने मोकळ्या जागेत मांडलेले असून ते पायी फिरूनच पाहावे लागते. मुलांचा आग्रह मात्र पुण्याच्याही पुढे, खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा असतो. १९८९ मध्ये सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डने त्यांच्या आई-वडिलांच्या बालपणी जे स्थान मिळवले होते, ते २०१३ मध्ये सुरू झालेल्या या थीम पार्कने नव्या पिढीच्या मनात घेतले आहे.

ठिकाण कोणतेही असो, नोंदणी करताना जैन कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जैन जेवण मिळेल का? कांदा, लसूण, बटाटा नसलेली भाजी आणि दिवस मावळण्यापूर्वी पान वाढण्याची सोय. पूर्वी हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसे. दशम्या, चटणी, खाकरे आणि लाडवांचे डबे गाडीत भरल्याशिवाय प्रवासास निघताच येत नसे. आज हॉटेलांच्या भोजनसूचीत ‘जैन’ हा शब्द छापलेला असतो. विमान कंपन्यांकडेही जैन भोजन हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी कोणताही कायदा झाला नाही. हजारो कुटुंबांनी नम्रपणे, पण न चुकता, प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला आणि विक्रेत्याला त्यातील व्यवहार कळला, एवढेच घडले.

दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: आमच्यासोबत गुडघ्याचा त्रास असलेल्या आजी आहेत, व्हीलचेअरवरील मुलगा आहे, त्यांना कुठवर जाता येईल? हा प्रश्न निघत नाही, कारण ती माणसे सहलीच्या यादीतच नसतात. यादी होण्यापूर्वीच आजी म्हणून टाकतात, “तुम्ही सगळे जाऊन या, मी घर राखते.” पक्षाघातानंतर काठीच्या आधाराने चालणारे काका दुकानाच्या हिशेबाचे निमित्त सांगतात. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न नातवासाठी त्याची आईही मागे राहते. घरातील सर्वांना वाईट वाटते, पण ‘उगाच त्यांना त्रास नको’ या मायेच्या वाक्यावर विषय संपतो. वाक्य मायेचेच असते. परंतु त्याच्या आडून वर्षानुवर्षे तीच माणसे घरी राहतात. सहलीची छायाचित्रे परतल्यावर त्यांना मोबाइलवर दाखवली जातात.

अशी माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. वयोमानाने चालणे मंदावलेले, हृदयविकाराने दमणारे किंवा कमी ऐकू येणारे वृद्ध त्या आकड्यात बहुधा धरलेलेच नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. याहून महत्त्वाची आहे त्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेची व्याख्या. तीत सरकारी कार्यालयांबरोबरच लोकांच्या वापरातील खासगी इमारतीही येतात. व्यापाराच्या, करमणुकीच्या आणि धार्मिक वापराच्या जागाही येतात. म्हणजे थीम पार्क, धर्मशाळा आणि पेठेतील मोठे दुकान यांना एकच तत्त्व लागू होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते न ठेवता, बंधनकारक किमान नियम ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

कायदा रॅम्प बांधून घेऊ शकतो. त्याचे गणितही सोपे आहे: एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्यांसाठी बारा फूट जागा लागते. ती वाचवण्यासाठी केलेला उभा उतार खुर्ची मागे घसरवतो. पण योग्य मापाचा रॅम्प झाल्यानंतरही काम अर्धेच होते. त्या रॅम्पवर कोणी पिशव्या ठेवून बसले, मधोमध उभे राहून कुटुंबाचे छायाचित्र काढले, किंवा त्याच्या तोंडाशी मोटारसायकल लावली, तर बारा फुटांचा उतार आणि दोन पायऱ्या यांत फरक उरत नाही. दिव्यांगांसाठीचे प्रसाधनगृह कपडे बदलण्यासाठी अडवले गेले किंवा धडधाकट तरुणांनी लिफ्ट भरली, तरी परिणाम तोच होतो. व्यवस्थापनाने बांधलेली वाट मोकळी ठेवणे हे पाहुण्यांचे काम आहे, आणि हे काम कोणत्याही आराखड्यात दाखवता येत नाही.

गर्दीच्या थीम पार्कमध्ये शिष्टाचाराची खरी कसोटी रांगेत लागते. एका राइडसाठी तासभर थांबण्याची वेळ आली की माणसाचा संयम सुटतो. एकाने जागा धरायची आणि मागाहून दहा जणांनी येऊन मिळायचे, हा प्रकार पुष्कळांना चातुर्य वाटतो. जादा पैसे भरून रांग टाळण्याची तिकिटे काही उद्यानांत मिळतात; तो उघड व्यवहार आहे आणि त्याची किंमत फलकावर लिहिलेली असते. परंतु व्हीलचेअरवरील मुलाला पुढे सोडले की कुजबुज सुरू होते. पैशाने मिळालेला अग्रक्रम निमूटपणे मान्य करणारी रांग गरजेने मिळालेल्या अग्रक्रमावर मात्र नाराज होते, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

सवलतीचा गैरवापर हा या प्रश्नाचा दुसरा पदर आहे. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत दिव्यांग पाहुण्यांना रांगेत न थांबता सोडण्याची पद्धत होती. काही श्रीमंत कुटुंबे रांग टाळण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये गाजल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुनी पद्धत बंद केली आणि लगेच प्रवेश देण्याऐवजी ठरावीक वेळेस परत येण्याची नोंद देण्यास सुरुवात केली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले गेले. फसवणूक धडधाकटांनी केली, पण कडक नियमांची झळ ज्यांना थांबणे खरोखर अशक्य होते त्यांनाच बसली. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि नकली मालाचा व्यवहार यांची गणना होते. दुखत नसलेला पाय दाखवून घेतलेली पुढची जागा याच खात्यावर मांडावी लागेल.

याउलट उदाहरण टेक्सासमधील सॅन अँटोनिओचे आहे. गॉर्डन हार्टमन या घरबांधणी व्यावसायिकाची मुलगी मॉर्गन दिव्यांग आहे. एकदा पोहण्याच्या तलावात ती खेळायला गेली असता तेथील मुले निघून गेली. तलावात उतरण्याची सोय होती. नव्हती ती सोबत. या प्रसंगानंतर वडिलांनी उभारलेले ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान २०१० मध्ये खुले झाले. झोपाळे आणि राइड व्हीलचेअरसह वापरता येतील असे केले गेले. २०१७ मध्ये त्यास जोडून जलउद्यान सुरू झाले, आणि दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या तेथे आल्या. दिव्यांगांना प्रवेश विनामूल्य आहे. मात्र उद्यान केवळ त्यांच्यासाठी नाही. सर्व मुलांनी एकत्र खेळावे हाच त्यामागचा हेतू आहे.

जैन यात्रापरंपरेला ही जाण नवी नाही. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांवर आणि श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर वृद्धांसाठी डोली आहे. गिरनारवर २४ ऑक्टोबर २०२० पासून रोपवे सुरू झाला आणि ज्यांनी ते दर्शन मनातून सोडून दिले होते त्यांनाही वर जाता येऊ लागले. संघयात्रेत कोण चालू शकणार नाही याची चौकशी निघण्यापूर्वी होते, कारण तेथे सर्वांनी पोहोचणे हाच यात्रेचा अर्थ असतो.

श्रवणबेळगोळची गुळ्ळकायी अज्जीची कथा या समाजातील प्रत्येक घरात सांगितली जाते. इ. स. ९८१ च्या सुमारास चावुंडरायाने मोठ्या थाटाने अभिषेक मांडला, तरी दूध मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचेना. मग एक गरीब वृद्धा लहानशा पात्रात दूध घेऊन आली आणि तेवढ्याने सर्वांग न्हाऊन निघाले. अहंकार गळून पडावा हे तिचे तात्पर्य सर्वपरिचित आहे. तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सेनापती, श्रेष्ठी आणि सेवकांच्या त्या गर्दीत अखेर कोणीतरी बाजूला सरकले आणि त्या म्हातारीला पुढे वाट मिळाली. ती वाट मिळाली नसती तर अभिषेक अपुराच राहिला असता. आजही तिची प्रतिमा गोमटेश्वरासमोर उभी आहे.

अर्थात प्रत्येक राइडवर प्रत्येकाला बसता येईल असे नाही. वेगाने वळणाऱ्या पाळण्यात मान आणि पाठ ताठ धरावी लागते, हाताची पकड लागते. हृदयविकार, गर्भारपण किंवा कमी उंची असेल तर मनाई असते आणि ती योग्यच आहे. मात्र नकार राइडच्या गरजेवरून द्यावा, माणसाकडे पाहून नव्हे. आणि तो तासभर रांगेत उभे केल्यावर न देता तिकिटाच्या खिडकीवर सांगावा. कुटुंबानेही हे आधी विचारून घेतले तर घरच्या मुलाची सर्वांसमोर निराशा होणार नाही.

थोडी पूर्वतयारी पुष्कळ काम करते. शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडावा. व्हीलचेअर किती आहेत व त्या आधी राखून ठेवता येतात का, हे दूरध्वनीवरून विचारावे. मे महिन्याच्या उन्हात दुपारी सावलीची जागा ठरवावी. गोंगाटाने बावरणाऱ्या मुलासाठी शांत कोपरा कोठे आहे हे माहीत असावे. एखाद्याला मदत करायची असेल तर आधी विचारावे. न विचारता खुर्ची ढकलू नये. अंध व्यक्तीला ओढू नये, आपला कोपर धरू द्यावा. बोलायचे ते सोबतच्या माणसाशी नव्हे, प्रत्यक्ष त्या व्यक्तीशी बोलावे. ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याकडे पुरावा मागू नये. मुलांना यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही. वडील रांगेत कसे उभे राहतात हे ती पाहतच असतात.

हा शिष्टाचार व्यापारी घराला परका नाही. आष्ट्यासारख्या गावातील जुन्या दुकानांना दोन-तीन पायऱ्यांचा ओटा असतो. म्हातारे गिऱ्हाईक पायरीशी थबकले की दुकानदार स्वतः माल घेऊन खाली उतरतो, पाणी देतो, सुटे पैसे हातात मोजून ठेवतो. श्री चौंडेश्वरी देवीच्या भावईच्या गर्दीतही ओट्यावर वृद्धांना बसायला जागा करून दिली जाते. गिऱ्हाइकासाठी सहज सुचणारी गोष्ट घरच्या आजींच्या बाबतीत सहलीच्या यादीपाशीच राहून जाते, एवढेच.

पहिल्या प्रश्नाने हॉटेलांची भोजनसूची बदलली. दुसरा प्रश्न तितक्याच चिकाटीने विचारला गेला, तर पुढील काही वर्षांत उद्यानांच्या, धर्मशाळांच्या आणि तीर्थक्षेत्रांच्या माहितीपत्रकांतही त्याचे उत्तर छापलेले दिसेल. मात्र तो बाहेर विचारण्याआधी घरात विचारावा लागेल. “मी घर राखते,” असे आजी म्हणाल्या की त्यावर, “यंदा घराला कुलूप लावू, तुम्ही चला,” असे कोणीतरी म्हणावे. त्यानंतर नोंदणीसाठी दूरध्वनी करावा.