थंड नळीची गोळी

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबर उजाडला की ऑफिसचं कॅलेंडर आपोआप रिकामं होत जातं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या टीममधले निम्मे लोक त्या आठवड्यात लॅपटॉप उघडत नाहीत. पहिली दोन वर्षं त्यांची ऑन-कॉल ड्युटी मी केली. या वर्षी माझ्याकडेही लायसन्स आहे.

एच-वन-बीवर असलेल्या माणसाला इथे बंदूक बाळगायला कायद्याने मनाई आहे. अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे शिकारीचं वैध लायसन्स! ते मिळवण्याआधी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बहुतेकांना तो चुकत नाही. कोर्समध्ये बंदुकीपेक्षा जास्त वेळ 'गोळी कधी झाडायची नाही' यावर गेला, आणि मला ते आवडलं.

रायफल शेजारच्या आजोबांची. समोर मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथे तशीच रीत. पण मनात ते आजोबाच. बोल्ट अ‍ॅक्शन, .३०८ कॅलिबर, दस्त्याचं पॉलिश जागोजागी उडालेलं. हंगामाच्या एक आठवडा आधी ते मला रेंजवर घेऊन गेले, रायफल 'झिरो' करायला. म्हणजे स्कोपच्या फुलीवर जे दिसतं तिथेच गोळी लागते की नाही हे पाहायचं, आणि नसेल लागत तर स्कोप सरकवायचा.

हे काम वाटतं त्यापेक्षा खूप आपल्या धंद्यातलं आहे. स्कोपवरची चकती फिरवली की टिक-टिक वाजते. एक टिक म्हणजे पाव मिनिट. हे घड्याळातलं मिनिट नाही, कोनातलं. एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर तो जवळपास एक इंच होतो, म्हणून तिथे चार टिकांना एक इंच. पंचवीस यार्डांवर त्याच इंचाला सोळा टिका. सुरुवात जवळून करायची, नाहीतर गोळी कागदालाच लागत नाही आणि कुठे गेली तेही कळत नाही. लॉग नसलेला बग.

पंचवीस यार्डांवर तीन गोळ्या दोन इंच खाली लागल्या. बत्तीस टिका वर. पुढच्या तीन मधोमध. मग कागद शंभर यार्डांवर नेला, तर तीच रायफल पावणेतीन इंच वर मारायला लागली. आजोबा नुसते हसले. स्कोप नळीच्या दीड इंच वर बसलेला असतो, त्यामुळे नळी नजरेच्या रेषेला मिळायला किंचित वर तोंड करून असते. गोळी नजरेची रेषा एकदा जवळ ओलांडते, वर जाते आणि पुढे कुठेतरी पुन्हा खाली येते. अकरा टिका खाली.

एक नियम ते सारखा सांगत होते : एका गोळीवरून स्कोपला हात लावायचा नाही. तीन झाडायच्या, त्यांचा मध्य काढायचा आणि तो सरकवायचा. तीन छिद्रं एकमेकांजवळ पण भलतीकडे असतील तर दोष स्कोपच्या जुळणीत. छिद्रं विखुरलेली असतील तर चकती फिरवून काही होत नाही. तिथे श्वास, खांदा, चाप ओढणारं बोट, वाळूच्या पिशवीवर ठेवलेला हात यातलं काहीतरी बदलतंय. काडतुसंही हंगामात वापरणार तीच हवीत, त्याच कंपनीची, त्याच वजनाची. १५० ग्रेनची बदलून १६५ची घातली की सगळा हिशेब पुन्हा.

कागदावर आजोबांनी आठ इंची गोल काढला होता. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण एवढ्या जागेत असतात. गोलात गोळी लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. गोलाबाहेर म्हणजे पोटात किंवा पायात. मग ते पळतं, तासन्‌तास जिवंत राहतं आणि बहुतेक वेळा कोल्ह्यांना सापडतं, आपल्याला नाही.

नळी गरम झाली की गोळ्या भरकटू शकतात, म्हणून बोल्ट उघडा ठेवून आम्ही थांबलो. तेवढ्यात बाबांचा फोन आला. इथे दुपारचे बारा, तिकडे रात्रीचे साडेअकरा. ते जागलीला होते. यवतमाळकडे आमची तूर या दिवसांत फुलोऱ्यात असते, आणि रोही अन् रानडुकरं एका रात्रीत काय करतात ते ज्याचं शेत आहे त्यालाच ठाऊक. टॉर्च, डबा वाजवणं, फटाके. एवढीच त्यांची हत्यारं. १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि माझ्या मते ते बरंच झालं, नाहीतर आज रोही फक्त फोटोत दिसली असती. पण हे वाक्य मी मचाणावर झोप मोडून बसलेल्या माणसाला ऐकवत नाही.

आईचं मत आधीच कळलं होतं : "कायले मारतं रे त्या गरिबाले?" मटण ती स्वतः रांधते, पण ते वेगळं. बाबा मात्र थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "एका गोळीत जाते ना रे थे? का तडफडत रायते?"

मी दहा वर्षांचा असताना शेजारच्या शेतातल्या काटेरी तारेत एक रोही अडकली होती. सुटली, पण मागचा पाय फाटलेला. दोन दिवस ती आमच्या नाल्यात पडून होती. रात्री तिचा आवाज घरापर्यंत यायचा. तिने आमचा हरभरा खाल्ला होता, तरी बाबा दोन्ही दिवस तिच्याजवळ बादलीने पाणी ठेवून आले.

"एका गोळीत जाईल एवढ्या अंतरावर असलं तरच मारीन," मी म्हणालो.

"अन् नसलं तं?"

"तं जाऊ देईन."

"हं," बाबा म्हणाले. मागे कुठेतरी डबा वाजला आणि त्यांनी फोन ठेवला.

मी आजोबांना विचारलं, माझ्यासाठी अंतर किती धरायचं? रायफल दोनशे यार्डांवर सहज पोचते. झिरो शंभरला असेल तर तिथे गोळी साधारण चार इंच खाली जाते, एवढंच. आजोबा म्हणाले, रायफलचं विचारू नकोस, तू बाकावर बसून मारतोयस. झाडाला टेकून, थंडीत बोटं आखडलेली असताना, छाती धडधडत असताना तुझं अंतर याच्या निम्मं धर. मग मी वाळूच्या पिशव्या बाजूला केल्या आणि गुडघा टेकून पन्नास यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. बाकावरून दीड इंचात बसणारी छिद्रं इथे पाच इंचांत पसरली. ऐंशी यार्डांवर तीच आठ इंच. गोल संपला.

म्हणून माझं अंतर साठ. दक्षिणेकडच्या ओकच्या रानात साठ यार्डांपलीकडे फारसं दिसतही नाही, आणि दिसलं तरी ते हरीण माझं नाही.

शेवटची गोळी नळी पूर्ण थंड झाल्यावर. हंगामात मिळते ती थंड नळीची पहिलीच गोळी, तापलेल्या नळीची चौथी नव्हे. आम्ही अर्धा तास कॉफी पीत बसलो. हवा तीन-चार अंश असेल. मग मी एकदाच चाप ओढला. छिद्र मध्यापासून इंचभर डावीकडे. माझा हात आपोआप चकतीकडे गेला, तर आजोबांनी मान हलवली. एक गोळी.

त्यांनी कागदावर पेन्सिलीने तारीख, काडतुसाचं वजन आणि '६०' लिहिलं, घडी घालून माझ्या जॅकेटच्या खिशात ठेवलं. मग आम्ही रिकाम्या पुंगळ्या मोजून गोळा केल्या. वीस झाडल्या होत्या, एकोणीस सापडल्या. विसावीसाठी आजोबा आणखी दहा मिनिटं वाकून गवत चाळत राहिले.