दाढीचा ब्रश

मराठीत आपण दाढी ‘करतो’, हिंदीत ती ‘बनवतात’. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे बोलण्याच्या ओघात दाढी बनवूही लागली आहेत, आणि अनुवाद हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या कानाला ते थोडे खटकते. परंतु अलीकडे मला वाटू लागले आहे की, त्या हिंदी क्रियापदात काही तथ्य असावे. करावयाचे काम घाईने उरकता येते. बनवावयाच्या वस्तूला साहित्य लागते, वेळ लागतो, क्रम लागतो. ज्याला पाणी, साबण आणि ब्रश घेऊन जुन्या पद्धतीने दाढी करावयाची आहे, त्याला ती बनवावीच लागते.

हा विचार सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, आणि त्यांचा उजवा हात व चेहऱ्याची उजवी बाजू दुबळी झाली. पन्नास वर्षे ज्याने रोज पहाटे स्वतःची दाढी स्वतः केली, त्या माणसाला आता दुसऱ्यापुढे मान वर करून बसावे लागू लागले. मी डब्यातला तयार फेस लावून पाच मिनिटांत काम आटोपीत असे. अण्णा तेवढा वेळ डोळे मिटून घेत. जे चालले आहे ते जणू आपल्या चेहऱ्यावर चाललेलेच नाही, अशी त्यांची मुद्रा असे. पुढे व्यायाम शिकविण्यास येणाऱ्या बाईंनी सांगितले, “त्यांच्या डाव्या हाताला रोजची काही खरी कामे द्या.” तेव्हा प्रश्न पडला की, दाढीतले कोणते काम सराव नसलेल्या डाव्या हाताला निर्धास्तपणे देता येईल? पाते तर देता येत नाही. मात्र ब्रश देता येतो. तो चुकला तर फार तर कानाला फेस लागेल!

म्हणून ब्रशाच्या शोधात मी गोलबाजारात गेलो. दुकानदार हसून म्हणाला, “भैया, अब ब्रश कौन लेता है?” पण फळीवरच्या खोक्यातून त्याने चारपाच नमुने काढून ठेवले. ब्रशाचे खरे मोल त्याच्या केसांत असते, आणि ते केस मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला डुकराचा राठ केस. तो स्वस्त आणि टिकाऊ. मात्र वापरण्यापूर्वी काही मिनिटे पाण्यात भिजवावा लागतो, आणि काही आठवडे वापरल्यावर केसांची टोके दुभंगली की मगच मऊ पडतो. दुसरा बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याचा. तो पाणी उत्तम धरून ठेवतो, पण महाग. तिसरा कृत्रिम धाग्याचा. नायलॉनचे धागे १९३८ साली दातांच्या ब्रशांत आले; आजचे दाढीच्या ब्रशाचे धागे त्यांहून कितीतरी बारीक व मऊ असतात. त्यांना भिजविणे लागत नाही आणि ते लवकर वाळतात.

प्राण्यांच्या केसांचा एक जुना इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश, नीट निर्जंतुक न करताच, बाजारात आले. त्यांच्यापायी ब्रिटन व अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून २०० हून अधिक लोकांना काळपुळीचा रोग जडला, आणि १९२० साली ब्रिटनने जपानमधून येणाऱ्या ब्रशांवर बंदी घातली. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही. आमच्या घरी निर्णय निराळ्याच मुद्द्यावर झाला. आईने विचारले, “केस कशाचे आहेत?” आणि डुकराचा ब्रश देवघराच्या भिंतीपलीकडच्या फडताळात राहणे शक्य नाही, हे तिच्या स्वरावरूनच ठरले.

कृत्रिम धाग्याचा ब्रश घेतला तो तिच्या समाधानासाठी, तसाच अण्णांच्या हातासाठीही. ज्याची पकड दुबळी किंवा अनभ्यस्त असते, त्याला बारीक दांड्यापेक्षा जाड दांडा सोयीचा पडतो. म्हणून मधे निमुळता आणि तळाशी फुगीर असा, पण वजनाने हलका दांडा मी निवडला. केसांच्या गुच्छाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर आहे. त्याहून लहान असता तर फेस थोडा झाला असता. फार मोठा असता, तर फेस नाकातोंडात गेला असता.

ब्रशापाठोपाठ साबण. दाढीचा साबण अंगाच्या साबणाहून निराळा असतो. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण अधिक असते, आणि सोड्याबरोबर पोटॅशचाही क्षार वापरलेला असतो; म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि लवकर बसत नाही. परंतु रायपुरात या फेसाला एक शत्रू आहे, तो म्हणजे पायाखालचा खडक. हे शहर चुनखडकावर वसलेले आहे. भूवैज्ञानिकांच्या ग्रंथांत त्या खडकाला या शहराचेच नाव आहे, आणि आसपासचे सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात. साहजिकच कूपनलिकेचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून त्याचा साका करते आणि फेस धरत नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी ब्रश फिरवफिरव फिरविला, पण गालावर पांढरट पाण्याखेरीज काही दिसेना. दोष ब्रशाचा नव्हता, हाताचा तर नव्हताच. दुसऱ्या दिवशी खारून नदीवरून येणारे नळाचे पाणी उकळून, निवळून घेतले, आणि फेस सायीसारखा उभा राहिला. उकळल्याने पाण्याचा जडपणा बराच कमी होतो. भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तो पाण्यातून निघालेला चुनाच होय.

खरे पाहता दाढी मऊ करते ते पाणी. साबण ते पाणी केसांपाशी थोपवून धरतो. बलुतेदारीच्या काळातला न्हावी धोकटीतून वाटी काढून नुसत्या पाण्याने गाल चोळीत असे, आणि त्याचा वस्तरा तरीही फिरत असे. कोमट पाण्यात दोनतीन मिनिटे भिजलेला केस फुगतो आणि कमी जोराने कापला जातो. मात्र अर्धांगवायूच्या रोग्याबाबत एक खबरदारी घ्यावी. दुबळ्या बाजूला ऊन-थंड कळेलच असे नाही. म्हणून पाणी आधी आपल्या मनगटावर टाकून पाहावे.

उरला तो रेझर. पात्याचा सुरक्षित रेझर घरोघरी नेणाऱ्या किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाचे १९०३ साली अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली होती. पुढल्याच वर्षी रेझरांचा आकडा ९०,००० च्या वर गेला. तोच दुधारी पात्याचा रेझर मी घेतला. नवशिक्याने पाते कमी बाहेर डोकावणारा सौम्य रेझर घ्यावा, तो त्वचेशी सुमारे ३० अंशांचा कोन करून धरावा, दाब मुळीच देऊ नये, आणि केसांच्या दिशेने आखूड हात मारावेत. दुबळ्या बाजूचा गाल सैल असतो, तो बोटांनी ताणून धरावा लागतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. पुष्कळांना विजेचे यंत्रच बरे. आम्ही विचारले, आणि जपून करण्याच्या बोलीवर अनुमती मिळाली. तुरटीचा एक खडा जवळ असावा, एवढे सांगितले की साहित्य पुरे झाले.

आता आमचे काम वाटून घेतलेले आहे. चिनी मातीचा जड वाडगा ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे तो एका हाताच्या माणसापुढून सरकत नाही. फेस करायचा तो अण्णांनी. त्याला आठदहा मिनिटे लागतात, आणि कार्यालयाची वेळ होत आली असली तरी मी त्यात हात घालीत नाही. रेझर माझ्याकडे असतो. पण डोळे आता मिटलेले नसतात. आरसा डाव्या हातात धरून अण्णा सूचना देतात. “हनुवटीखाली राहिलंय,” असे ते परवा म्हणाले. आजारानंतर त्यांची जीभ अजून जड आहे, तरी हे वाक्य स्पष्ट होते. राहिलेही होते.

या साऱ्या साहित्याला हजार रुपयांहून कमी खर्च आला, आणि पाती तर डब्यातल्या फेसापेक्षा व नव्या धर्तीच्या रेझरपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतात. वेळ मात्र अधिक जातो, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्या घरी असा रोगी असेल, त्यांनी तो वेळ औषधोपचारात धरावा.

शेवटी निगा. ब्रश वापरून झाल्यावर स्वच्छ पाण्यात धुवावा, झटकावा आणि उघड्या हवेत वाळू द्यावा. ओला असताना बंद डब्यात घालू नये, विशेषतः पावसाळ्यात. खिडकीच्या दांडीला एक आकडा लावून आम्ही तो टांगण्याची सोय केली आहे. टांगण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि ते दुसऱ्या कोणी केलेले त्यांना चालत नाही.