प्रूफ ऐकणारी बाई

मराठीत टंकन करणाऱ्या मंडळींनी एक सवय सोडली, तर माझा रोजचा बराच वैताग वाचेल. विसर्गाच्या जागी कोलन दाबायची सवय. ‘दुःख’मध्ये खरा विसर्ग असला तर संगणक तो शब्द एका दमात म्हणतो. कोलन असला की ‘दु’, मग ‘कोलन’, मग ‘ख’. स्वतः, अंतःकरण, निःशब्द, सगळ्यांची हीच गत. छापलेल्या कागदावर दोन्हीकडे टिंबाखाली टिंबच, डोळ्याला फरक कळत नाही. मला कळतो, कारण मी अंध आहे आणि प्रुफे कानाने वाचते.

नागपुरात राहून मी पुस्तकांचे आणि दिवाळी अंकांचे मुद्रितशोधन करते. हे सांगितले की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग ‘ग्रेट आहे हो ताई तुमचं’ असे काहीतरी म्हणतो. ग्रेट वगैरे काही नाही. काम आहे, कामाची हत्यारे आहेत आणि ती चालवायला शिकावे लागते. कौतुकाने बिल लवकर निघत नाही, हाही अनुभव आहेच.

मुख्य हत्यार म्हणजे एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केली आणि पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. त्याआधी असली सॉफ्टवेअर होती, पण त्यांची किंमत ऐकून आमच्यातले बहुतेक जण तिथूनच परत फिरत. हे मात्र फुकट, आणि कुणालाही त्यात भर घालता येईल असे. त्यासोबत ई-स्पीकचा आवाज येतो. हा आवाज अगदी यंत्राचा आहे, त्याला ना लय ना माया. ‘चमचा’ तो असा म्हणतो की तोंडात घालावासा वाटू नये. हल्ली माणसासारखे गोड बोलणारे आवाजही मिळतात, पण वेग वाढवला की ते एकमेकांत मिसळतात. ई-स्पीक कितीही पळवा, प्रत्येक अक्षर सुटे राहते. मी तो इतका पळवते की आमच्या आत्याबाई एकदा दारातूनच म्हणाल्या, ‘काय डबा वाजवून राहिली गं?’

मे महिन्यात हा डबा नीट ऐकूही येत नाही. नागपुरात पारा पंचेचाळीसकडे गेला की खिडकीतला कूलर बंद ठेवणे शक्य नसते, आणि कूलरच्या घरघरीत आधी बुडतात ते स, श आणि थ. कानात इअरफोन घातले तरी ती घरघर आत शिरतेच. म्हणून उन्हाळ्यातली प्रुफे मी पहाटे, कूलर लावायच्या आत उरकते. दिवाळी अंकांची घाई उन्हाळा सरल्यावर सुरू होते, हे माझ्या नशिबाने बरेच झाले.

कानाला काय सापडते? डोळ्याला न सापडणारे बरेच काही. ओळीच्या शेवटी ‘आणि’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘आणि’: चांगले चांगले वाचक यावरून घसरत जातात, कारण डोळा पुढचे ओळखून पळतो. आवाज ओळखून पळत नाही, जे आहे ते म्हणतो. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकलेला, पूर्णविरामाआधी सुटलेली जागा, एका परिच्छेदात तीन वेळा आलेला ‘खरे तर’, हे सगळे कानाला खड्यासारखे लागते. ‘ॲप’मधला ॲ तर बघण्यासारखा, म्हणजे ऐकण्यासारखा. कुणी तो एका कळीने लिहितो, कुणी आधी अ लिहून त्यावर चंद्र चढवतो. कागदावर दोन्ही एकच. मी बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे सरकते तेव्हा पहिल्याला एक पाऊल लागते, दुसऱ्याला दोन. सूची करताना हाच फरक आडवा येतो, कारण संगणकाच्या हिशेबी ते दोन वेगळे शब्द असतात आणि शोधला तर एकच सापडतो. मी हे दाखवून दिले तेव्हा आमचा डीटीपीवाला पडद्याला नाक लावून म्हणाला, ‘ताई, मले तर सेमच दिसून राहिलं.’ दिसणारच.

आता कानाला जे सापडत नाही त्याकडे येते, कारण माझ्या धंद्याचा खरा घाम तिथेच निघतो. ह्रस्व-दीर्घ. एवढ्या वेगात ‘आणि’ आणि ‘आणी’ मला सारखेच ऐकू येतात. डोळस सहकारी सांगतात की चुकीचा शब्द त्यांना ‘खटकतो’. हजारो वेळा पाहिलेल्या शब्दाचा ठसा त्यांच्या डोळ्यात असतो, त्याला बाधा आली की ते थांबतात. त्यांतल्या कित्येकांना नियम विचारला तर सांगता येत नाही. माझ्याकडे तो ठसा नाही, म्हणून मला नियम लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये चार वाढले. हे अठरा नियम मी पाढ्यांसारखे म्हणू शकते. ‘गुरू’ एकटा असला की दीर्घ, पण ‘गुरुदक्षिणा’ म्हटली की ह्रस्व. ‘कवी’ दीर्घ, ‘कविसंमेलन’ ह्रस्व. ‘परंतु’ तत्सम अव्यय, म्हणून ह्रस्वच. या नियमांना लोक नावे ठेवतात. मला मात्र ते आधाराचे वाटतात. नियमच नसता आणि नुसता डोळ्याचा सराव असता, तर या धंद्यात मला पायच ठेवता आला नसता.

नियम पाठ असून भागत नाही, शब्द पकडावा तर लागतो. त्याला दोन युक्त्या आहेत. एनव्हीडीएमध्ये उच्चारांचा शब्दकोश असतो. अमुक अक्षरे आली तर अमुक म्हण, असे त्याला सांगून ठेवता येते. मी त्यात नेहमीच्या चुका भरल्या आहेत. ‘आणी’ आले की तो म्हणतो ‘चूक आणि’. ‘परंतू’ आले की ‘चूक परंतु’. एका ज्येष्ठ लेखकांच्या हस्तलिखितात हा आवाज इतक्या वेळा ‘चूक, चूक’ ओरडला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

दुसरी युक्ती ब्रेल. संगणकाला जोडलेली वीस घरांची पट्टी आहे, तिच्यात बारीक टाचण्या वर येतात आणि ओळ बोटाखाली उमटते. भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरले. त्यात प्रत्येक घरात सहा टिंबांची जागा, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. ह्रस्व इ म्हणजे २ आणि ४, दीर्घ ई म्हणजे ३ आणि ५. बोटाला हे कसे लागते, तर तीच तिरकी जोडी दीर्घ झाली की एक पायरी खाली उतरते. कानाला जो फरक लागत नाही, तो बोटाला लगेच लागतो. म्हणून शंका आली की मी आवाज थांबवते आणि पट्टीवर हात नेते. सबंध पुस्तक मात्र बोटाने वाचत बसले तर दिवाळी अंक होळीला निघेल.

ब्रेलमधली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ‘कि’ लिहिताना तिथे आधी क येतो, मग इ. बोलतो तसेच. छापील अक्षरात वेलांटी आधी दिसते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीनेही क्रम बोलण्याचाच धरला: आधी क, मग वेलांटी. पडद्यावर ती पुढे नेऊन दाखवायची ती दाखवा, पोटात क्रम उच्चाराचा. युनिकोड माझ्या कानावर आले तेव्हा ही माझ्या ओळखीचीच रीत होती.

त्याआधीचे फॉन्ट या रीतीचे नव्हते. ते फक्त दिसण्यासाठी होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली. कृतिदेव या फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द माझा संगणक ‘ई, जे, के, मोठा बी, एच’ असा वाचतो, कारण फाईलच्या पोटात खरोखर तेवढेच असते. असे मजकूर बदलून देणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि ‘वाऱ्या’तला र वाटेत कुठेतरी सांडतात आणि ते वेचायचे काम माझ्याकडे येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेली पहिली फाईल जुन्याच फॉन्टमध्ये होती.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात कार्यक्रम असला की मी मेट्रोने जाते. १९२३ पासूनची ही संस्था, आणि स्टेशनही आता त्याच चौकात. स्टेशनात पिवळ्या लाद्या आहेत. लांबट रेघा पायाला लागल्या की चालत राहायचे, गोल उंचवटे लागले की थांबायचे. ही पायाची लिपी, आणि ती शुद्धलेखनाच्या नियमांपेक्षा सोपी. स्टेशनबाहेर लाद्या संपतात आणि फुटपाथवरच्या उभ्या स्कूटर सुरू होतात. कार्यक्रमाचे निमंत्रण मात्र बहुधा व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून आलेले असते. वर फुलांची नक्षी, खाली वक्त्यांचे फोटो, मधे कुठेतरी वेळ. माझा फोन त्यावर फक्त ‘फोटो’ असे म्हणतो. लग्नपत्रिकांचेही तेच. मुहूर्त कुणाला तरी फोन करून विचारावा लागतो, आणि मग दहा मिनिटे वधूच्या माहेरची चौकशी होते, ती वेगळी.

हल्ली चित्रातला मजकूर वाचून देणारी साधने बरीच सुधारली आहेत. दुधाची पिशवी कुठली, औषधाची मुदत कधी संपते, हे मी फोनलाच विचारते. पण प्रुफासाठी त्यांचा उपयोग नाही. जुनी साधने ‘घर’ला ‘धर’ वाचत आणि ‘भात’ला ‘मात’. ते तरी बरे होते, चूक उघड ऐकू यायची. नवी कृत्रिम बुद्धिमत्ता त्याहून सभ्य आहे. पानावर ‘आणी’ छापलेले असले तर ती मला ‘आणि’ वाचून दाखवते. लेखकाची चूक ती परस्पर सुधारते आणि सांगतही नाही. एखादा शब्द पुसट असला तर शोभेलसा दुसरा टाकते. मी चुका शोधून पोट भरते, मला चुका लपवणारा मदतनीस काय कामाचा!

पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांची इथे आठवण होते. चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, पुढे मुंबईच्या आयआयटीतून ते कॉर्नेलला गेले आणि १९९४ मध्ये गणित बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर डॉक्टरेट मिळवली. घातांक आला की त्या प्रणालीचा आवाज वरच्या पट्टीत जाई. कागदावर आकडा वर चढतो, तसा इथे स्वर चढे. डोळ्यासाठी केलेल्या पानाची उरलीसुरली नक्कल त्यांनी कानाला दिली नाही, कानासाठी वेगळे पान केले. मराठीसाठी मला हेच हवे आहे. दीर्घ वेलांटी आली की स्वर किंचित चढावा, एवढेच. कुणा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्या.

कायदा आमच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माहिती सुगम असावी असे सांगतो. कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा, अशा केवायसीविरुद्ध मुंबईचे अंध वकील अमर जैन आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सुविधा हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. निकाल मी स्वतः वाचला, कारण त्याची फाईल खऱ्या अक्षरांची होती. आमच्या इथल्या एका कार्यालयाचे परिपत्रक मात्र मला अजून वाचता आलेले नाही. ते आधी संगणकावर टंकले गेले, मग छापले, त्यावर सही-शिक्का झाला, आणि त्या कागदाचा फोटो काढून संकेतस्थळावर चढवला गेला. चांगली अक्षरे होती, जाणूनबुजून चित्र केले. विषय होता दिव्यांगांसाठीच्या सवलती.

यात कुणाचा दुष्टावा नाही, हे मला ठाऊक आहे. पाठवणाऱ्याला पडद्यावर सगळे नीट दिसते, म्हणून ते नीट आहे असे त्याला वाटते. तेव्हा पीडीएफ पाठवण्याआधी एवढे करून पाहा. त्यातला एखादा परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. निवडताच आला नाही, तर ते चित्र आहे. चिकटवल्यावर भलतीच अक्षरे उमटली, तर फॉन्ट जुना आहे किंवा पीडीएफ बिघडली आहे. मजकूर जसाच्या तसा आला, तर मला तो वाचता येईल. आणि विसर्गासाठी कीबोर्डवर वेगळी कळ आहे, ती वापरा.