जुन्या खेळांचा बंदोबस्त

ज्या यंत्रासाठी एखादा खेळ लिहिला गेला, त्या यंत्राच्या उणिवाही त्या खेळाच्या रचनेत मुरलेल्या असतात, हे ज्याच्या ध्यानी आले नाही त्याने जुने गेम नव्या लॅपटॉपवर चालविण्याच्या खटाटोपात पडू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. सोळा लॉजिकल प्रोसेसर बाळगणाऱ्या लॅपटॉपवर पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ सुरू करावा, शीर्षकाचे चित्र यावे, संगीत वाजावे आणि पहिल्याच दालनात पाऊल टाकताच पडदा गोठून ध्वनीचा एखादा तुकडा तेवढा पुनःपुन्हा ऐकू येत राहावा, असे झाले की बहुतेक जण खेळ कालबाह्य ठरवून तो काढून टाकतात. वास्तविक खेळातील एक अक्षरही बदललेले नसते. बदललेले असते ते यंत्र, आणि तेही अशा दिशेने, की जिची कल्पना मूळ लेखकांना असण्याचे कारण नव्हते. संगणकदुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे असे लॅपटॉप माझ्या टेबलावर नेहमी येतात, आणि खरे सांगायचे तर दिवसभरातील इतर कोणत्याही कामापेक्षा या कामात माझे मन अधिक रमते.

मर्यादा ही खेळाची वैरी नव्हे, हे पटविण्यासाठी मी नेहमी एक दाखला देतो. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ घडविला. त्यात अकरा-अकरांच्या पाच रांगांत ५५ आक्रमक उभे असत. त्या काळच्या प्रोसेसरला ते सारे एकाच वेळी हलविणे झेपत नसल्यामुळे तो त्यांना एकामागून एक सरकवी, आणि जसजसे ते मारले जात तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येऊन त्यांची चाल आपोआप वाढत जाई. शेवटचा एकुलता आक्रमक विजेसारखा धावे. खेळणाऱ्याच्या छातीत धडकी भरविणारा हा चढता वेग यंत्राच्या दुबळेपणातून जन्मला, आणि निशिकादो यांनी तो दोष न मानता तसाच राहू दिला. यंत्राची मर्यादा आणि कलाकृतीचा प्राण अशा रीतीने एकजीव झाल्यावर ती मर्यादा काढून घेणारा मनुष्य खेळावर उपकार करीत नाही.

प्रोसेसरच्या कोअरांच्या संख्येबाबत हीच गोष्ट अधिक सूक्ष्म रूपाने घडते. माझ्या अत्यंत आवडीचा खेळ ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा १९९८ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील लुकिंग ग्लास स्टुडिओजने काढला. फरशीवरून चालले तर पावलांचा आवाज पहारेकऱ्याच्या कानी जातो, गालिच्यावरून चालले तर जात नाही. पाण्याचा बाण मारून मशाल विझवावी आणि अंधाराच्या आश्रयाने पुढे सरकावे, अशी त्याची विलक्षण संयत रचना आहे. तो लिहिला गेला तेव्हा घरोघरच्या संगणकात एकच प्रोसेसर असे. खेळाची निरनिराळी कामे, ज्यांना या व्यवसायात थ्रेड म्हणतात, ती त्या एकट्या प्रोसेसरवर आळीपाळीने चालत. एकच कारकून दोन वह्या सांभाळीत असला, तर तो एक वही मिटून दुसरी उघडतो, म्हणून दोन्हींतील नोंदी सहसा एकमेकींवर चढत नाहीत. पण दोन कारकून शेजारी बसवून एकाच कीर्दीच्या एकाच ओळीवर त्यांचे हात एका क्षणी पडू दिले, तर हिशेबाचा मेळ राहणे कठीण. थीफच्या इंजिनात त्या ओळीची राखण करण्याची तजवीज पुरती केलेली नव्हती, कारण तिची गरजच क्वचित पडे. २००२ च्या नोव्हेंबरात इंटेलने ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मधून हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एकाच कोअरचे दोन लॉजिकल प्रोसेसर दाखविण्याची युक्ती, घरगुती संगणकात आणली, २००५ मध्ये दोन कोअरांचे प्रोसेसर बाजारात आले, आणि इतकी वर्षे झोपलेला तो दोष जागा होऊन खेळ मध्येच बंद पडू लागला. लुकिंग ग्लासला मात्र मे २००० मध्येच टाळे लागले होते. दाद मागायची तर ती कोणाकडे? तेव्हा खेळणाऱ्यांनीच उपाय काढला, तो असा, की खेळाला एकाच कोअरवर तैनात करावे आणि बाकीच्या कोअरांवर त्याला मज्जाव करावा.

हा मज्जाव करण्याची सर्वांत सोपी रीत टास्क मॅनेजरमध्ये आहे. ‘डिटेल्स’ या भागात खेळाच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबले की ‘सेट अफिनिटी’ हा पर्याय येतो, आणि त्यातून उघडणाऱ्या यादीत प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरपुढे एक चौकट असते. नको त्या चौकटींतील खुणा काढल्या की काम झाले. परंतु हा हुकूम खेळ बंद होताच रद्द होतो, आणि शिवाय तो खेळ सुरू झाल्यानंतर लागू होत असल्यामुळे आरंभीच बिघडणाऱ्या खेळाला त्याचा उपयोग नसतो. म्हणून मी शॉर्टकटमध्येच कमांड लिहून ठेवतो. ‘स्टार्ट’ ही विंडोजची कमांड, तिच्यापुढे अवतरणचिन्हांची एक रिकामी जोडी, मग ‘अफिनिटी’ आणि एक आकडा, आणि शेवटी खेळाचे नाव. रिकाम्या जोडीचे प्रयोजन असे, की अवतरणात आलेला पहिला मजकूर ही कमांड खिडकीचे शीर्षक समजते, आणि ती जोडी गाळली तर खेळाचा पत्ताच शीर्षक ठरून खेळ उघडतच नाही.

खरी गंमत त्या आकड्यात आहे. पहिल्या प्रोसेसरची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, अशी ती दुप्पट होत जाते. जे प्रोसेसर द्यायचे त्यांच्या किमतींची बेरीज षोडशमान पद्धतीने लिहावयाची. दोन कोअर द्यायचे म्हणून १ आणि २ मिळून ३ लिहावे, असे कोणालाही सुचेल, पण हायपर-थ्रेडिंग असलेल्या लॅपटॉपवर पहिले दोन लॉजिकल प्रोसेसर म्हणजे बहुधा एकाच खऱ्या कोअरचे दोन अर्धे असतात. दोन स्वतंत्र कोअर हवे असतील तर पहिला आणि तिसरा निवडून ५ लिहावे लागते. ३ आणि ५ यांतील हे अंतर खेळताना स्पष्ट जाणवते. एकात चित्र अडखळते आणि दुसऱ्यात तेच चित्र संथ वाहते. एकच प्रोसेसर द्यायचा असेल तर मी पहिला सहसा टाळतो, कारण विंडोजची किरकोळ कामे बऱ्याच अंशी त्याच्याच माथी येतात. ४ हा आकडा लिहून तिसऱ्याची योजना करणे मला अधिक प्रशस्त वाटते.

एका कोअरचे बंधन हा मात्र कठोर उपाय आहे, आणि तो सरसकट करू नये. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचे काही थ्रेड खेळाच्याच प्रोसेसमध्ये चालत असतात. खेळाला एका कोअरवर बसविले की तेही त्याच कोअरवर येऊन बसतात, आणि जो खेळ कोसळत होता तो आता कोसळत नसला तरी कुंथत चालतो. आधी दोन कोअर देऊन पाहावे, त्याने भागले नाही तरच एकावर यावे, हा माझा शिरस्ता आहे. अनेक जण पहिल्याच फटक्याला एक कोअर देऊन मोकळे होतात, आणि मग नवा लॅपटॉप जुन्यापेक्षा मंद चालतो अशी तक्रार घेऊन येतात. शिवाय स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले बरेच खेळ असे असतात, की आपण शॉर्टकटमधून उघडलेली प्रत स्वतःला मिटवून स्टीममार्फत नव्याने सुरू होते. बंधन हे जनक प्रोग्रामकडून त्याने सुरू केलेल्या प्रोग्रामकडे वारशाने जात असल्यामुळे या नव्या प्रतीला ते लागूच होत नाही. म्हणून अशा खेळाबाबत स्टीमलाच बंधन घालून सुरू करावे लागते.

याहून गहन प्रश्न मोजणीचा आहे. अफिनिटीने खेळाच्या वावराची हद्द ठरते. पण या यंत्रात प्रोसेसर किती, अशी विचारणा खेळाने जुन्या रीतीने केली तर विंडोज त्याला खरा आकडा सांगून मोकळे होते. ज्या लेखकाने चार किंवा आठ प्रोसेसरांपुरता तक्ता मांडून ठेवला, त्याच्या खेळाला सोळा हे उत्तर मिळाले की तो तक्त्याच्या बाहेर लिहू लागतो, आणि तेथे अफिनिटीचा काहीही इलाज चालत नाही. अशा वेळी मूळ लेखकांनीच एखादी सोय ठेवली आहे का, हे प्रथम शोधावे. ऑक्टोबर २००८ मध्ये बेथेस्डाने काढलेल्या ‘फॉलआउट ३’ चे उदाहरण घ्या. व्हॉल्ट १०१ या भूमिगत आश्रयस्थानाच्या अवजड दारातून नायक उद्ध्वस्त वॉशिंग्टनच्या परिसरात, डोळे दिपविणाऱ्या उजेडात येतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात बहुकोअर यंत्रावर खेळ गोठतो, हा अनुभव जगभरच्या खेळणाऱ्यांनी घेतला आहे. ‘माय गेम्स’ या फोल्डरमधील ‘फॉलआउट डॉट आयएनआय’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘बी-यूज-थ्रेडेड-एआय’ या ओळीतील शून्याच्या जागी १ लिहावा, तिच्याखाली ‘आय-नम-एचडब्ल्यू-थ्रेड्स’ बरोबर २ अशी नवी ओळ घालावी, एवढेच. खेळ दोन थ्रेडांवर समाधान मानतो आणि सोळांच्या गर्दीकडे पाहत नाही. लेखकाने ठेवलेल्या दारातून आत जाण्यात जो समाधानाचा भाग आहे, तो बाहेरून घातलेल्या बंधनात नाही.

असे दार नसेल तर ‘एमएसकॉन्फिग’ उरते. त्यातील ‘बूट’ या पानावर ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये प्रोसेसरांची संख्या नेमता येते, आणि यंत्र पुन्हा सुरू केले की विंडोजच्या दृष्टीने तेवढेच प्रोसेसर अस्तित्वात राहतात. उपाय रामबाण आहे, पण एका खेळासाठी साऱ्या मुलुखावर निर्बंध लादणारा आहे, म्हणून मला तो अप्रिय आहे. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी लॅपटॉप फार मंद झाला म्हणून नवीन रॅम घालून घ्यायला आला होता. टास्क मॅनेजर उघडला तो तिथे एकच प्रोसेसर. कोणा मित्राने एका रेसिंगच्या गेमसाठी कधीकाळी ती संख्या १ करून ठेवली होती, गेम केव्हाच काढून टाकला गेला आणि बंधन मात्र वर्षभर तसेच अंमलात राहिले. ‘एमएसकॉन्फिग’ मधील ती खूण काढून यंत्र पुन्हा सुरू करताच त्याचा लॅपटॉप पूर्ववत झाला आणि रॅमचा खर्च वाचला. या बाबतीत लिनक्सवर खेळणारे सुदैवी म्हटले पाहिजेत, कारण विंडोजचे खेळ लिनक्सवर चालविणाऱ्या स्टीमच्या प्रोटॉनमध्ये ‘वाइन सीपीयू टोपॉलॉजी’ या नावाची एक सोय आहे. तिने त्या एकाच खेळाला यंत्रात चारच प्रोसेसर असल्याचे सांगता येते, आणि बाकीच्या प्रोग्रामांना त्याचा उपसर्ग पोहोचत नाही. विंडोजमध्ये इतकी नेमकी आणि इतकी सौम्य सोय सर्वसामान्यांच्या हाताशी असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

२०२१ च्या अखेरीस इंटेलने बाराव्या पिढीत मोठे आणि लहान असे दोन जातींचे कोअर एकत्र आणले, तेव्हा या कलेत एक नवीन प्रकरण उघडले. नक्कल-प्रतिबंधक कुलूप लावलेले काही खेळ लहान कोअरांना दुसरेच यंत्र समजून चालण्यास नकार देऊ लागले. त्यावर अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये स्क्रोल लॉकची कळ दाबून लहान कोअर बाजूला ठेवण्याची तजवीज झाली; लॅपटॉपच्या कीबोर्डवर ती कळ सहसा नसतेच, म्हणून लॅपटॉपधारकाला त्या खेळांची सुधारित आवृत्ती येईपर्यंत वाट पाहणे प्राप्त होते.

कोणताही निर्बंध घातला की त्या खेळाच्या फोल्डरमध्ये मी एक छोटी मजकुराची फाइल ठेवतो : आकडा कोणता दिला, कोणत्या लक्षणावरून दिला, तारीख, आणि तो उठविण्याची रीत. अशा फाइलीची खरी किंमत निर्बंध उठविण्याची वेळ आली की कळते. थीफच्या बाबतीत ती वेळ २०१२ साली आली. त्या वर्षी एका अनामिक प्रोग्रामरने त्याच्या इंजिनाची ‘न्यूडार्क’ या नावाने ओळखली जाणारी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि तिच्यात बहुकोअर प्रोसेसरांचा दोष मुळातूनच काढला गेला. तेव्हापासून माझ्याकडे थीफ घेऊन येणाऱ्याला मी ती आवृत्ती बसवून देतो, जुना शॉर्टकट असलाच तर पुसून टाकतो, आणि खेळाला सर्व कोअरांवर मुभा देतो. फॉलआउटची ती ओळ मात्र अजून ‘फॉलआउट डॉट आयएनआय’ मध्ये जशीच्या तशी लिहावी लागते.