नऊ बाय अठराचे अंगण

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे, "नायगारा पाहिलात ना?" मी पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही पाहिला नाही, कारण आमचे विमान त्या बाजूला फिरकलेच नाही. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच आठवडे ताईकडे राहून मी काय पाहिले हे सांगितले की ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी एका शाळेचे पार्किंग पाहिले. तेही एकदा नव्हे, चांगले चार वेळा.

ताईचे गाव फ्रिस्को. टेक्सस राज्यात, डॅलसच्या उत्तरेला. सॅन फ्रान्सिस्कोला लाडाने फ्रिस्को म्हणतात त्याच्याशी याचा संबंध इतकाच, की ज्या रेल्वे कंपनीच्या नावात सॅन फ्रान्सिस्को होते (ती रेल्वे त्या शहरापर्यंत कधी पोचली नाही, ही आणखी एक गंमत), तिच्यावरून या ठाण्याचे नाव पडले. १९९० साली इथे जेमतेम सहा हजार माणसे राहत होती. २०२० च्या शिरगणतीत ती दोन लाखांवर गेली. त्या दोन लाखांत आपली माणसे पुष्कळ. ताईच्या आळीत सकाळी फिरायला निघालो तर तेलुगू, तमिळ आणि गुजराती कानांवर पडे. इंग्रजी ऐकायला दुकानात जावे लागे. मात्र हे सारे गाव मोटारीच्या मापाने बेतलेले आहे. कोपऱ्यावर उभे राहिले आणि दहा मिनिटांत बस आली, असा प्रकार नाही. दूध आणायचे तरी गाडी काढावी लागते.

माझी भाची त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या इयत्तेत, म्हणजे आपल्या हिशेबाने बारावीत जाणार होती. घरात तिला छकुली म्हणतात आणि सतराव्या वर्षीही तिची त्याबद्दल तक्रार नाही. तिकडे नववी ते बारावी ही चार वर्षे हायस्कूल, आणि बारावीतला विद्यार्थी तो 'सीनियर'. आपल्याकडे बारावी म्हणजे क्लास, सराव परीक्षा आणि घरात टीव्हीला कुलूप. तिकडे त्या वर्षाचा थाट काही निराळाच. त्याची सुरुवात शाळा उघडण्याआधी, भर उन्हात, हातात ब्रश घेऊन होते.

त्याचे असे आहे. टेक्ससमध्ये सोळाव्या वर्षी गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. तोपर्यंत मुले जातात ती पिवळ्या बसने. (या बसचा पिवळा रंगसुद्धा उगाच आलेला नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यासाठी खास परिषद भरली होती. पहाटेच्या अंधुक प्रकाशात त्या रंगावरची काळी अक्षरे चटकन दिसतात, म्हणून तो ठरला.) बसमधून उतरून स्वतः गाडी हाकत शाळेत जाणे ही तिथल्या पोराची मुंजच म्हणा ना! आणि सीनियर झाले की शाळेच्या आवारात गाडी लावायला एक ठरावीक जागा वर्षभरासाठी आपल्या नावावर होते. कितीतरी शाळांतून अशी रीत आहे, की शाळेत ठरावीक पैसे भरावेत, आणि त्या जागेवर, म्हणजे खाली जमिनीवर, आपल्याला हवे ते चित्र रंगवावे. वर्षभर त्यावर गाडी उभी राहायची. वर्ष संपले की त्यावर रंगाचा हात फिरायचा आणि जागा पुढच्या मुलाची.

जागेचे माप साधारण नऊ फूट बाय अठरा फूट. मराठीचा मास्तर असलो तरी एवढा गुणाकार मला येतो. एकशे बासष्ट चौरस फूट! १९२० च्या दशकात मुंबईत बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. तेवढ्यात आपली सात-आठ माणसांची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली, लग्ने झाली, बाळंतपणे झाली. इथे तेवढी जागा एका पोरीच्या जुन्या टोयोटा गाडीला. हे मी ताईला बोलून दाखवले, तर ती म्हणाली, "अरे, तू पाहुणा आहेस, तुला हिशेब सुचतात. आम्ही इथे सवयीनं गप्प बसतो."

ज्याच्याकडे गाडी नाही त्याला जागा नाही आणि जागा नाही त्याला चित्र नाही, हेही उघडच आहे. छकुलीची एक मैत्रीण बारावीतही पिवळ्या बसनेच जाणार होती. ती रंगवायला मदत करायला आली होती, आणि तिचा हात आम्हां सर्वांत चांगला होता. या रिवाजाचे कौतुक करताना एवढे मनात ठेवलेले बरे.

चित्र मनाला येईल ते काढता येत नाही. आधी कागदावर नमुना काढून शाळेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. नियमांची यादी मी मोठ्या आवडीने वाचली. रंग पाण्यात मिसळणारा, घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तोच हवा. वरून चकाकीचे वॉर्निश नको, पावसात पाय घसरतो. कडेची पांढरी रेघ आणि जागेचा आकडा झाकू नये. शिवी, दारू, कुणाची निंदा नको. आणि अगदी शेवटी, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला मजकूर असल्यास त्याचा अर्थ सोबत द्यावा.

शाळेने इतके सावध असण्याला कारण आहे. १९६५ साली आयोवा राज्यात काही मुले व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेने त्यांना घरी पाठवले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या फाटकात शिरले म्हणून मुलाचे मतस्वातंत्र्य संपत नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे २०२० मध्ये लुइझियाना राज्यात एका सीनियर मुलाने आपल्या जागेवर तेव्हाचे अध्यक्ष ट्रम्प यांचे चित्र रंगवले. शाळेने त्यावर रंग फासला, मुलगा कोर्टात गेला आणि तोही जिंकला. पार्किंगच्या चौकोनावरून संघराज्याच्या कोर्टात खटला! आपल्याकडे मुलाने बाकावर कर्कटकाने नाव कोरले तर प्रकरण फार तर पर्यवेक्षकांच्या छडीपर्यंत जायचे.

छकुलीच्या मनात आधी सूर्यफुले होती. मग एके रात्री ताई झोपल्यावर ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि तिच्या त्या गोड, घरंगळत्या मराठीत म्हणाली, "मामा, 'येते हं' कसं लिहितात? आजीचं."

'आजीचं' म्हणजे काय, ते मला सांगावे लागले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत ताई मुलांना घेऊन साताऱ्याला यायची. परतीच्या दिवशी आई प्रत्येकाच्या हातावर दही घालायची. सहा वर्षांची छकुली बुटाचे बंद बांधून "आजी, मी जाते" म्हणाली, तर आईने तिला दारातून मागे बोलावले. "जाते म्हणू नये बाळा, येते म्हणावं." पोरीला काही उलगडेना. जायचे तर आहे, मग येते कसे? पण आजीने म्हणवून घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू दिला नाही. त्यानंतर दर खेपेला हा पाठ होत असे. ताईनेही १९९९ साली सहार विमानतळावर हेच म्हटले होते, आणि तिचे ते 'येते' मधली बावीस वर्षे खरेही होत राहिले. २०२१ च्या मे महिन्यात आई गेली तेव्हा मात्र विमानांचे आणि परवानग्यांचे असे काही झाले, की ताईला येता आले नाही. त्या दिवसाबद्दल ताई बोलत नाही. आम्हीही विचारत नाही.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. अर्थाच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न उरला. वीस वर्षे मराठी शिकवतो, पण तीन अक्षरांनी असा घाम कधी फोडला नव्हता. शब्दशः अर्थ 'मी येते', भावार्थ 'मी जाते'. दोन्ही लिहिले. दोन दिवसांनी शाळेच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. छकुलीने तो माझ्या हातात दिला. बाई फार सौजन्याने म्हणाल्या, "सर, ही मुलगी येते आहे की जाते आहे?" मी म्हटले, "बाई, जाते आहे. पण आमच्याकडे तसे म्हणत नाहीत." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "माझा मुलगा गेल्या वर्षी गेला. मंजूर."

शनिवारी सकाळी सहाला आम्ही शाळेत पोचलो. पुरते उजाडलेही नव्हते. दुपारी पारा अडतीस-चाळीसवर जातो, मग काँक्रीटवर गुडघा टेकवत नाही, म्हणून सगळे पहाटेच हजर. जत्राच ती! कुणी तंबू ठोकलेले, कुणी बर्फाच्या पेट्या आणलेल्या, डोनटांचे खोके उघडलेले. एरवी संगणकापुढे बसणारे बाप ओणवे होऊन रोलर फिरवत होते. एका मुलाने मोनोपॉलीच्या पटावरचा 'फ्री पार्किंग'चा चौकोन रंगवायला घेतला होता. त्यासाठी पैसे भरावे लागल्याचा सूड असावा. एक मुलगी व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीचे भोवरे काढत होती. ज्याला काहीच काढता येत नव्हते, त्याने सगळी जागा निळी रंगवून खाली 'आकाश' असे लिहिले आणि तो सर्वांच्या आधी मोकळा झाला. आमच्या शेजारच्या जागेत एक गृहस्थ एकटेच राबत होते. मुलगा कुठे, असे विचारले, तर म्हणाले, "झोपलाय घरी."

पलीकडे एक मेक्सिकन कुटुंब होते. घडीच्या खुर्चीवर बसून त्यांची आजी स्पॅनिशमध्ये हुकूम सोडत होती. भाषेतला एक शब्द कळत नसूनही ती काय म्हणते आहे हे मला चांगले कळत होते. सगळ्या जगातल्या आज्यांना रेघ वाकडीच दिसते.

आम्ही आधी झाडून, पाण्याने धुऊन जागा वाळू दिली. मग गेरूच्या रंगाचा हात. तो वाळल्यावर मी खडूने अक्षरे आखली. फळ्यावर लिहिणे निराळे आणि जमिनीवर चार-चार फुटांची अक्षरे काढणे निराळे. 'य'ची गाठ काढायला मला त्याच्याभोवती चालत फिरावे लागले. शिरोरेषेसाठी मैत्रिणीने चिकटपट्टी लावून दिली. छकुली लांब जाऊन बघून आली आणि म्हणाली, "मामा, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात." व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात देवनागरीचे इतके नेमके वर्णन मी वाचलेले नाही. फक्त त्यातले 'तुमची' तेवढे मला लागले. अनुस्वारासाठी कागदी बशी उलटी ठेवून गोल काढला. भोवती पांढऱ्या ठिपक्यांची किनार, आणि एका कोपऱ्यात दह्याची छोटी वाटी. वाटीचे काय, असे मैत्रिणीने विचारले, तेव्हा छकुली म्हणाली, "ते लकसाठी."

साडेनवाच्या सुमाराला ताई आणि मेहुणे पोह्यांचा डबा घेऊन आले. ताईला सूर्यफुलांचीच कल्पना होती. ती डबा हातात धरून उभी राहिली. तिने अक्षरे वाचली, वाटी पाहिली. मग म्हणाली, "किनारीचे ठिपके सारखे नाही आले." डबा माझ्या हातात देऊन ती गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. मेहुणे तिच्या मागून निघाले तेव्हा मी त्यांना खुणेने थांबवले. पाच मिनिटांनी ताई आली, पदर नव्हता म्हणून ओढणी कमरेला खोचली आणि जमिनीवर बसून तिने सगळी किनार नव्याने काढली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात ब्रश असा धरला होता, की जणू रांगोळीची चिमूट. मेक्सिकन आजी खुर्चीवरून उठून आली, तिच्या हाताकडे बघत राहिली आणि मान डोलावून परत गेली. त्या दिवशी तिला पसंत पडलेली तेवढी एकच रेघ असावी.

पुढची हकीकत पत्रांतून, म्हणजे आता फोनवरूनच कळली. वर्षभर त्या अक्षरांवर टोयोटा उभी राहिली. इंजिनाच्या तेलाचा एक डाग 'ते'वर पडला. मे २०२५ मध्ये छकुलीची शाळा संपली, आणि जूनमध्ये जागेवर सपाट रंग फिरला. ऑगस्टमध्ये ती ऑस्टिनला विद्यापीठात गेली. दोनशेहून अधिक मैल, म्हणजे पुणे-नागपूर नव्हे, पण पुणे-सातारा तर खासच नव्हे. ताईने हातावर दही घातले, पोरीने चाटले आणि गडबडीत "ओके, बाय!" म्हणून गाडीत बसली. कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी थांबली, मागे आली. काच खाली करून ती म्हणायचे ते म्हणाली आणि मग गेली. हे ताईने मला तीनदा सांगितले, आणि तीनही वेळा, आधी सांगितले आहे हे तिला आठवले नाही.

त्या जागेवर यंदा कुणा मुलाने शार्क मासा काढला आहे. छकुलीचा धाकटा भाऊ त्याच शाळेत आहे, त्याने फोटो पाठवला. आमच्या रंगाचे थर अंमळ जाडच बसले होते. संध्याकाळी ऊन तिरपे झाले की शार्कच्या पोटाशी एक वाटोळा उंचवटा दिसतो, तो अनुस्वार आहे, असे त्याचे म्हणणे. फोटोत मला तरी तो दिसला नाही.