नव्या गावी जुनी शिदोरी

माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, तेव्हा बरोबर काय नेतो? ट्रंक आणि वळकटी सर्वांना दिसते. न दिसणारी शिदोरी वेगळीच असते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून हा प्रश्न मला सारखा पडतो. त्याचे उत्तर मी अमेरिकेतील फुटबॉलमध्ये शोधू लागलो, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल!

हा फुटबॉल आपला नव्हे. यात लांबट चेंडू हाताने फेकतात, तो घेऊन पळतात. तिथे ३२ व्यावसायिक संघ आहेत. दरवर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडले जातात आणि तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. माणसे पारखण्याचे हे काम जनरल मॅनेजरचे. तो एक संघ सोडून दुसऱ्याकडे गेला, की त्याची रीतही त्याच्याबरोबर जाते. पण ती तिथे रुजते का?

रॉन वुल्फ यांचेच पाहा. ते ओकलंड रेडर्समध्ये अल डेव्हिस यांच्या हाताखाली घडले. १९७६ मध्ये टँपा बेचा नवा संघ मैदानात उतरला, त्याची बांधणी वुल्फ यांच्याकडे होती. तो संघ ओळीने २६ सामने हरला! १९७८ मध्ये ते तिथून निघाले. १९७९ च्या हंगामात मात्र तोच संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेला. झाड लावणारा गेल्यावर फळ आले.

१९९१ च्या अखेरीस वुल्फ ग्रीन बे पॅकर्सकडे आले. गाव लाखभर वस्तीचे आणि संघाची मालकी भागधारकांची. आपल्या सहकारी संस्थेची आठवण व्हावी! त्यांनी पहिल्या फेरीतली एक निवड देऊन अटलांटाहून ब्रेट फार्व्ह हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, आणला. जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्स विजेते झाले. फार्व्ह भक्कम असतानाही वुल्फ जवळजवळ दरवर्षी एखादा तरुण क्वार्टरबॅक निवडत राहिले. आजचा गडी कितीही चांगला असो, उद्याचा तयार हवा, हे त्यांचे सूत्र.

त्यांच्या हाताखाली शिकलेले जॉन श्नायडर २०१० मध्ये सिअ‍ॅटलला गेले. २०१२ मध्ये त्यांनी ग्रीन बेचाच मॅट फ्लिन आणला. पण थोड्याच दिवसांत रसेल विल्सन हा बुटका म्हणून मागे पडलेला तरुणही तिसऱ्या फेरीत निवडला. सरावात चुरस झाली आणि मैदानात विल्सन उतरला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिअ‍ॅटल जिंकले.

उलट स्कॉट पिओली यांचे. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या तीन विजेतेपदांत त्यांचा वाटा होता. २००९ मध्ये कॅन्सस सिटीला जाताच त्यांनी पेट्रियट्सचा राखीव क्वार्टरबॅक मॅट कॅसल आणला. पुढे काही प्रशिक्षकही तिथलेच आले. २०१० मध्ये गटात पहिला नंबर लागला, पण २०१२ मध्ये १६ पैकी दोनच सामने जिंकले आणि त्यांचे पद गेले. हार-जीत एकाच कारणाने होत नाही, हे खरे. तरी मला वाटते, श्नायडर यांनी गुरूची नजर नेली. पिओली यांनी ओळखीची माणसे नेली.

आमचे आबा ऊसतोडीचे मुकादम. त्यांनाही उचल देताना ओळखीचाच माणूस बरा वाटतो. पण कारखाना बदलला, की कुठे बैलगाडी असते, कुठे ट्रक. गाडीवर पटाईत असलेला गडी ट्रक भरताना मागे पडतो. आबा त्याला बोल लावत नाहीत. मोळी कोण कशी बांधतो ते पाहून माणसांची नवी जुळणी करतात.

होस्टेलमध्ये आम्ही एका तालुक्यातली मुले एकत्र जेवतो, एकमेकांच्याच वह्या वाचतो. त्यात ऊब आहे, पण नवे काही कळत नाही. बी.ए. झाल्यावर मी टोळीचा हिशेब सांभाळावा, अशी आबांची इच्छा आहे. मला पुढे शिकायचे आहे, आणखी दूर जायचे आहे. त्यांची टोळी बहुधा माझ्या हातून चालायची नाही. माणूस पारखण्याची त्यांची नजर मात्र मी घेऊन जाईन. माणसे त्या त्या गावची शोधीन. हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे, एवढेच अजून सुचत नाही.