पोस्त आणि कामाचे पैसे

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मावशीबरोबर कोथरूडला गेलो. ताडीवाला रोडवरून अंधारातच चालत पुणे स्टेशन गाठले आणि तिथून बस धरली. डेक्कनला निम्मी गाडी रिकामी झाली. मागे उरल्या त्या बऱ्याचशा मावशीसारख्याच, घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बायका.

मावशी ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेची सभासद आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच ही संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार झाला. ओला-सुका कचरा दारातून न्यायचा आणि घराने दरमहा ठरलेले पैसे थेट हिच्या हातात द्यायचे. भंगाराचे येतील ते वेगळे. कचराकुंडीत हात घालणारी बाई अशी दारात हक्काने उभी राहू लागली.

एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मिठाईचा पुडा आणि साडी दिली. मावशीने घेतली आणि म्हणाली, “ताई, दोन महिन्यांचे राहिलेत.”

“अहो, आत्ताच पोस्त दिली ना?”

“ती तुमची खुशी. हे माझ्या कामाचं.”

“बघू पुढच्या महिन्यात,” म्हणत बाईंनी दार लोटले.

जिना उतरताना माझे डोके तापले होते. आजोबा येसकर होते. गावभर राबायचे आणि भाकर मागायची. ती किती, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले ते ही मर्जी मोडायलाच. आज हॉटेलात बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवून आपण मोकळे होतो. त्या पोराला पगार किती, हे मालकाला कोण विचारतो?

पण बोलायला मला तरी तोंड कुठे आहे! धाकट्या बहिणीच्या लग्नात भांडी घासणाऱ्या बायकांना उरलेला भात-बुंदी बांधून दिली आणि ठरल्या पैशांतले शंभर मीच कापले होते. मावशी तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

खाली आल्यावर तिने पुडा उघडला. वॉचमनला दिले, मला दिले. मग पिशवीतून वही काढली. त्या घरापुढे दोन फुल्या होत्या. त्या तशाच ठेवून तिने पान उलटले आणि गाडी पुढच्या इमारतीकडे ढकलली.